ट्रॅक नंबर सात कोणाचा?

गेल्या १४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहाराची साफसफाई चालली होती. कपाटाच्या खालच्या खणातून जुना सीडी प्लेअर निघाला, सात सीडी निघाल्या आणि वहीचा एक दुमडलेला कागद निघाला. कागदावर अक्षर माझेच. वर तारीख, १३ एप्रिल २००६. खाली ओळीने दहा आकडे: १२, ५, ७, १४, १, ९, १५, ४, १०, ६. बस्स, एवढेच! कोणत्या सीडीचे आकडे, कोणती गाणी, कोणाची गाणी, याबद्दल एक शब्द नाही.

हा क्रम माझा नव्हता. तो आमच्या वस्तीतल्या एका जुन्या गायनपार्टीवाल्यांचा होता. सारी वस्ती त्यांना मामा म्हणायची. तरुणपणी हार्मोनियम खांद्याला लावून त्यांनी गावोगावच्या जयंत्या गाजवल्या, कव्वालीचे सामने केले. म्हातारपणी आवाज बसला, तेव्हा ते मांडवात मशीनजवळ खुर्ची टाकून बसत आणि कोणते गाणे कधी लागेल, ते ठरवत. मामा वर्षभरापूर्वी गेले. पहिल्या स्मृतिदिनाला त्यांचाच क्रम वाजवावा, अशी मामींची इच्छा होती. कागद होता, सीडी होत्या, मशीनही होते. तरीही क्रम हरवलेला होता! तो का हरवला आणि त्यातून चळवळीने काय शिकावे, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आज ज्यांचे वय वीस-बावीस आहे त्यांना सीडी प्लेअरची ही कसरत ठाऊक नसेल. कॅसेटचा जमाना होता तेव्हा गाण्यांचा क्रम कंपनी ठरवायची. ए बाजू संपली की बी बाजू. मधले गाणे नको असेल तर टेप पुढे पळवा, अंदाजाने थांबवा, चुकले की मागे आणा. तो क्रम बदलणे आपल्या हाती नव्हते. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडी आणली आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात पहिला प्लेअर विक्रीला आला. आमच्या वस्तीत तो पोहोचायला वीस वर्षे लागली. २००३ साली जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात आम्ही एक साधा प्लेअर घेतला. चैत्यभूमीवरून आणि दीक्षाभूमीवरून येणारी माणसे पुस्तकांसोबत आता कॅसेटऐवजी सीडी आणू लागली होती.

या मशीनवर एक बटण होते, 'प्रोग्रॅम'. सीडी थांबलेली असताना ते दाबायचे. काचेवर 'पी-०१' उमटे. मग पुढे-मागे करण्याच्या बटणाने हवा तो ट्रॅक नंबर आणायचा आणि पुन्हा 'प्रोग्रॅम' दाबायचे. 'पी-०२' उमटे. असे करत आमच्या मशीनला वीस गाण्यांपर्यंतचा क्रम देता येई. शेवटी 'प्ले' दाबले की मशीन कंपनीचा क्रम सोडून आपल्या क्रमाने वाजू लागे. नको ते गाणे गाळता येई, हवे ते दोनदा घेता येई.

मामांना हे बटण दाखवले तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले. त्याला कारण होते. आमच्याकडे एक पंधरा गाण्यांची निवडक भीमगीतांची सीडी होती. कंपनीने खपाचा विचार करून त्यात गाजलेले गाणे पहिले टाकलेले, आणि तिसरेच गाणे महापरिनिर्वाणाचे! जयंतीच्या मांडवात पेढे वाटले जात आहेत, बायाबापड्या नव्या साड्या नेसून आल्या आहेत आणि कर्ण्यावर महापरिनिर्वाणाचा आक्रोश! मामा कासावीस व्हायचे. त्याच सीडीत एका सामन्यातला सवाल सातव्या नंबरला होता आणि त्याचा जवाब चौदाव्या नंबरला. मध्ये सहा भलतीच गाणी. मामा म्हणायचे, "आरं, सवाल आज आन् जवाब उद्या, आसं आस्तंय का कुठं? ऐकणाऱ्याला वाटंल, समोरची पार्टी पळूनच गेली!"

म्हणून १३ एप्रिलच्या संध्याकाळी मामा नंबर सांगायचे आणि मी बटणे दाबायचो. आधी वंदन. मग तथागताचे गीत. मग सवाल, त्याला लागूनच जवाब. मग ते कंपनीचे गाजलेले गाणे, कारण तोवर मांडव भरलेला असे. मग रमाईचे. मग महाडच्या चवदार तळ्याचे, त्यानंतर नागपूरच्या धम्मदीक्षेचे. १९२७ आधी आणि १९५६ नंतर, असा त्यांचा हिशेब पक्का. शेवटची दोन गाणी शिक्षणाची आणि संघटनेची. घरी जाताना माणसाच्या कानात तेच राहिले पाहिजे, असे ते म्हणत. कागदावरच्या दहा आकड्यांत एवढा विचार होता.

वाचकहो, क्रम ठरवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. आंबेडकरी जलशाचा इतिहास पाहा. तमाशाचा ठरलेला क्रम होता: आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. भीमराव कर्डक आणि त्यांच्या काळातल्या जलसाकारांनी हा साचा फेकून दिला नाही. लोकांच्या अंगवळणी पडलेला साचा घेतला आणि त्यातल्या जागा बदलल्या. गणपतीच्या नमनाच्या जागी महामानवाला वंदन आले. गवळणीतली छेडछाड गेली, तिथे शिक्षणाची आणि स्वाभिमानाची भाषा आली. आधी काय म्हणायचे, कोणाला म्हणायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणारा हात बदलला आणि करमणुकीचा फड प्रबोधनाचे व्यासपीठ झाला! मामांनी जलसा शाळेत जाऊन शिकला नव्हता. पण प्रोग्रॅमच्या बटणावर ते तेच काम करत होते.

आता क्रम हरवला कसा, ते पाहू. आमच्यासारख्या साध्या मशीनमध्ये हा प्रोग्रॅम तात्पुरत्या मेमरीत राही. झाकण उघडले की पुसला गेला, कारण झाकण उघडणे म्हणजे आता दुसरी सीडी येणार, असे मशीन समजते. वीज गेली तरी पुसला गेला. आणि २००६ साल म्हणजे लोडशेडिंगचे दिवस! त्या संध्याकाळी मी तीनदा दहा गाणी भरली आणि तीनदा लाईट गेली. चौथ्यांदा मी शहाणपणा केला आणि आकडे कागदावर उतरवून ठेवले. सकाळी पुन्हा बटणे दाबण्यापुरते ते हवे होते, म्हणून सीडीचे नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. सगळे डोक्यात होते ना! वीस वर्षांनी डोक्यातले सगळे गेले आणि आकडे तेवढे उरले.

हा क्रम कायमचा साठवणारी मशीन जगात नव्हती असे नाही. फिलिप्सने १९८० च्या दशकातच आपल्या काही प्लेअरमध्ये आवडत्या ट्रॅकची निवड साठवण्याची सोय दिली होती. त्यांनी तिला 'एफटीएस' असे नाव दिले. सोनीच्या वरच्या दर्जाच्या मशीनमध्ये 'कस्टम फाइल' होती. एकदा क्रम भरला की सीडी काढा, दुसरी लावा, काही महिन्यांनी पहिली पुन्हा घाला. मशीन ती सीडी ओळखे आणि तिचा साठवलेला क्रम बाहेर काढे. पण हा थाट महागड्या मशीनचा. वर्गणीतून आलेल्या मशीनला कालचे काही आठवत नसे. स्मरणशक्तीसुद्धा ऐपतीप्रमाणे मिळते, हे व्यवहारातले सत्य इथेही दिसतेच!

मशीन सीडी ओळखे ती कशावरून? इथेच खरी मेख आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. अगदी आतल्या कडेला एक अनुक्रमणिका कोरलेली असते. सीडी घातल्यावर ती थोडा वेळ गरगरते आणि काचेवर एकूण ट्रॅक आणि एकूण वेळ दिसते, ते याच अनुक्रमणिकेतून. एकूण ट्रॅक किती (जास्तीत जास्त ९९) आणि प्रत्येक ट्रॅक किती मिनिटे, किती सेकंद आणि सेकंदाच्या कितव्या पंचाहत्तराव्या भागावर सुरू होतो, हे त्यात नोंदलेले असते. दोन वेगळ्या सीडींच्या या सगळ्या वेळा तंतोतंत जुळणे दुर्मीळ. म्हणून तोच तिचा अंगठा!

पण या अनुक्रमणिकेत गाण्याचे नाव नसते. कवीचे नसते, गायकाचे नसते. नंबर आणि वेळ, संपला विषय. सीडीवरच नावे लिहिण्याची सोय पुढे १९९६ साली 'सीडी-टेक्स्ट' या नावाने आली, पण ती ऐच्छिक होती आणि आमच्या सातांपैकी एकाही सीडीवर ती नाही.

मग संगणकात सीडी घातल्यावर नावे कुठून येत? १९९० च्या दशकात इंटरनेटवर 'सीडीडीबी' नावाचा संग्रह उभा राहिला. जगभरातल्या सामान्य श्रोत्यांनी आपापल्या सीडीतल्या गाण्यांची नावे त्यात स्वतः टंकून भरली. पुढे हा संग्रह खासगी कंपनीच्या मालकीचा झाला. राबले श्रोते आणि मालक झाली कंपनी, ही कहाणी आपल्याला नवी नाही! त्याला पर्याय म्हणून निघालेला 'फ्रीडीबी' हा मुक्त संग्रह २०२० मध्ये बंद पडला. 'म्युझिकब्रेन्झ' हा दुसरा मुक्त संग्रह मात्र चालू आहे आणि त्यात कोणीही नोंद करू शकतो. आम्ही त्या काळी सायबर कॅफेत आमच्या सीडी घालून पाहिल्या होत्या. पडद्यावर आले: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३... यंत्राने जात पाहून नावे गाळली नव्हती. कोणी लिहिलीच नव्हती, म्हणून ती नव्हती. ज्याने लिहिले त्याचे राहिले. ज्याने लिहिले नाही, त्याचा नंबर झाला!

क्रम टिकवण्याचा आणखी एक मार्ग होता, आपलीच सीडी जाळून घेणे. २००७ च्या जयंतीला मी मामांचा क्रम एका कोऱ्या सीडीवर उतरवून आणला. पाच-सहा वेगवेगळ्या सीडींतली गाणी एकत्र आणायची तर तोच उपाय होता, कारण साध्या प्लेअरचा प्रोग्रॅम एका वेळी एकाच सीडीपुरता चाले. मांडवात सीडी घातली तर मशीन ढिम्म! कॅफेवाल्या पोराने ती 'फायनलाइज' केलीच नव्हती. गाणी सगळी सीडीवर होती, पण आतल्या कडेची अनुक्रमणिका लिहिल्याशिवाय साधा प्लेअर ती वाचू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ते काम करून आणले आणि सीडी वाजली. पण जाळलेल्या सीडीचे आयुष्य तिच्यातल्या रंगाच्या थरावर असते. ऊन, उकाडा आणि दमट हवा त्याला सोसत नाही. आज ती सीडी उजेडात धरली तर चाळणीसारखी दिसते. कारखान्यात छापलेल्या सीडी तेवढ्या शाबूत आहेत.

एकूण आमच्यापुढे सात सीडी, दहा आकडे आणि मामींची इच्छा. आम्ही प्लेअरची लेन्स कापसाने हलकेच पुसली आणि एकेक सीडी घालून नुसते काचेवरचे एकूण ट्रॅक पाहत गेलो. कागदावरचा सर्वांत मोठा आकडा १५. म्हणजे पंधराहून कमी गाण्यांच्या सीडी बाद. पाच बाद झाल्या, दोन उरल्या. त्यातल्या एकीत सातवे गाणे लावले, तो सवाल! चौदावे लावले, तो त्याचाच जवाब! तिसरे लावले तर महापरिनिर्वाणाचे, आणि कागदावर तीनचा आकडा नव्हताच. मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हीच ती. तिसरं कधी लावू द्यायचे न्हाईत जयंतीला."

सीडी सापडली. मग तरुण पोरांनी विचारले, ही दहा गाणी लिहिली कोणी? सीडीच्या कागदावर गायकांची नावे ठळक. गीतकाराच्या जागी चार गाण्यांपुढे नाव आणि बाकी सहा गाण्यांपुढे एकच शब्द, 'पारंपरिक'!

बांधवांनो, हा शब्द नीट पारखून घ्या. जात्यावरची ओवी पारंपरिक असते. ती पिढ्यान्‌पिढ्या अनेक बायांनी रचलेली असते. पण चवदार तळ्यावरचे गाणे १९२७ च्या आधीचे असू शकत नाही, धम्मदीक्षेचे गाणे १९५६ च्या आधीचे असू शकत नाही. ते कोणत्या तरी एका माणसाने लिहिले आहे. कंदिलाच्या उजेडात, गिरणीची पाळी संपवून, बिगारी करून आल्यावर लिहिले आहे. त्याला 'पारंपरिक' म्हणणे म्हणजे त्याचा मोबदला तर सोडाच, त्याचे असणेही नाकारणे आहे.

आमच्या शाहिरांना याची जाण होती. म्हणूनच त्यांनी आपले नाव गाण्याच्या पोटात ठेवले. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव गुंफतो, तिला नाममुद्रा म्हणतात. संतांच्या अभंगांत ती आहे, शाहिरांच्या पोवाड्यांत आहे आणि भीमगीतांतही आहे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले महाकवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी हजारो गीते रचली. त्यांच्या कितीतरी गीतांच्या अखेरीस 'वामन' भेटतो. कागद फाटो, कव्हर हरवो, मशीन बिघडो, जोवर गाणे पूर्ण गायले जाते तोवर कवीचे नाव पुसता येत नाही. कोणत्याही कंपनीच्या मेमरीपेक्षा ही साठवण भक्कम!

त्या सहा 'पारंपरिक' गाण्यांची शेवटची कडवी आम्ही कान देऊन ऐकली. पाचांत नाव सापडले. त्यातली तीन वामनदादांची निघाली. राहिला ट्रॅक नंबर सात, तो सवाल. त्यात शेवटचे कडवेच नाही. तिसऱ्या कडव्यानंतर आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि गाणे संपते. जागा पुरावी म्हणून असेल की गाणे आटोपशीर व्हावे म्हणून, ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कडवे कापले आणि त्यासोबत कवीही कापला गेला. मामींना चाल आठवते. "ह्ये शेवटचं कडवं म्हणताना त्ये हात वर करायचे," एवढे आठवते. नाव आठवत नाही.

आज हा धोका वाढला आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लागतो. गाण्याचे ध्रुवपद आणि पहिले कडवे घेतात, त्यावर ठोका चढवतात आणि दुसऱ्या गाण्यात उडी मारतात. शेवटच्या कडव्यापर्यंत पोहोचतो कोण? मोबाईलवर पुढचे गाणे ॲप सुचवते. आपण तिथे यादी बनवतो, 'सेव्ह' करतो आणि निर्धास्त होतो. पण ती यादी दुसऱ्याच्या गोदामात असते. उद्या एखादे गाणे तिथून काढले गेले तर यादीत भोक पडते. तंत्रज्ञान वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. जलसाकारांनी कर्णा घेतला, गायनपार्ट्यांनी कॅसेट घेतली, आम्ही सीडी घेतली, पोरांनी मोबाईल जरूर घ्यावा. पण यंत्र नंबर लक्षात ठेवते. माणूस आपल्याला लक्षात ठेवावा लागतो.

म्हणून एक साधी विनंती आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक वाचनालयात एक जाड वही ठेवा. कपाटातल्या सीडी, कॅसेट बाहेर काढा. प्रत्येक गाण्यापुढे लिहा: सीडीचे नाव, ट्रॅक नंबर, गाण्याची पहिली ओळ, कवी, गायक, आणि शेवटचे कडवे पूर्ण आहे की कापलेले. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाण्यांचा क्रम लावाल तेव्हा तोही लिहा, आणि कोणी लावला तेही लिहा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसमोर गाणी वाजवा, कापलेली कडवी त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि मोबाईलवर भरून ठेवा. शिकलेल्या मुलामुलींनी त्याच नोंदी मुक्त संग्रहात टाकाव्यात. यासाठी निधी लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपल्याकडे फार उरलेला नाही. गायनपार्ट्यांची ती पिढी एकेक करून चालली आहे.

मामांच्या स्मृतिदिनाला आम्ही तोच प्लेअर लावला. 'पी-०१' ला बारा, 'पी-०२' ला पाच, असे करत दहा गाणी भरली. या वेळी लाईट गेली नाही. सवालाला लागूनच जवाब वाजला आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी ओळखून टाळ्या दिल्या.

जुना कागद आता नव्या वहीत चिकटवला आहे. त्याच्याखाली दहाही गाण्यांची नोंद पूर्ण लिहिली आहे. क्रम लावणाऱ्याच्या रकान्यात मामांचे नाव आहे. ट्रॅक नंबर सातपुढे कवीचा रकाना कोरा ठेवला आहे. तिथे 'पारंपरिक' असे लिहिलेले नाही.

जय भीम!